शब्द, साद, सत्तम्

'नॉइज कॅन्सलिंग'ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो पैशांसाठी. एका हेडफोनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं काम आलं होतं. कथा-कादंबऱ्यांची भाषांतरं करणारी माणसं अशी कामं करतात आणि त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाहीत. 'कॅन्सलिंग'चं काही ना काही करता आलं असतं. अडलं ते 'नॉइज'पाशी. गोंगाट म्हणावं तर माणसांचा जमाव डोळ्यांपुढे येतो. गलका मुलांचा, किलबिल पाखरांची, कलकलाट बाजाराचा, घरघर जात्याची किंवा पंख्याची, खडखडाट गाडीचा, खळखळ पाण्याची, कुरकुर दाराची आणि सासरच्या माणसांची. नको असलेल्या ध्वनीला मराठीत एकच एक नाव नाही. प्रत्येक शब्दाला त्याचा धनी चिकटलेला आहे. इंग्रजीतला 'नॉइज' बेवारस आहे, म्हणून तो सरसकट रद्द करता येतो. मराठीत आधी विचारावं लागतं, कोणाचा?

'आवाज' हा त्यातल्या त्यात सोयीचा शब्द. पण गाणाऱ्याचा तो आवाज, फटाक्याचाही आवाज, आणि अन्यायाविरुद्ध उठवायचा तोही आवाजच. मी शेवटी 'बाहेरचा आवाज' असं लिहून दिलं. ते छापलं गेलं, पैसे मिळाले, आणि त्यात थोडी भर घालून मी तसलाच एक हेडफोन विकत घेतला.

मी चेन्नईत राहते. इथे या अडचणीला आणखी एक पदर आहे. तमिळमध्ये गोंगाटाला 'सत्तम्' म्हणतात. मूल ओरडायला लागलं की आई म्हणते, 'सत्तम् पोडादे', आवाज करू नकोस. हा सत्तम् मूळचा संस्कृत 'शब्द'. प्राकृतात त्याचा 'सद्द' झाला, तिथून तो तमिळमध्ये गेला आणि मराठीतही आला; मराठीत तो 'साद' म्हणून राहिला. म्हणजे एकाच मुळातून आपल्याकडे अर्थ वाहणारा शब्द निघाला, कोणाला तरी घातलेली हाक निघाली, आणि इथे दक्षिणेला कटकट निघाली. (टच्या जागी त ऐकणाऱ्या नवशिक्याची आणखी एक गंमत होते, कारण 'सट्टम्' म्हणजे कायदा.) शब्दाची साद कधी होते, सादेचा सत्तम् कधी होतो आणि तो निवाडा कोण करतं, हे प्रश्न व्युत्पत्तीच्या कोशात शोभून दिसतात. डोक्यावर हेडफोन चढवून बटण दाबलं की ते घरात येतात.

आधी सुखाबद्दल बोलायला हवं, कारण ते खरं आहे. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखा गेला. पाती फिरत होती, कागद उडत होते, पण पंखा नव्हता. मग फ्रिज गेला, शेजारच्या इमारतीचा एसी गेला, खालच्या रस्त्यावरचा तो अखंड घुमणारा थर गेला. वाक्य मनात धरून ठेवण्यासाठी लागणारी जी ताकद मी इतकी वर्षं खर्च करत होते, ती खर्च होत होती हेच मला तेव्हा कळलं.

पण माझं खरं सुख पंख्याचं नव्हतं. घरातल्या बाईचे कान कधीच तिचे नसतात. ती पुस्तक वाचत असली तरी तिचे कान कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात. दूध, दारावरची घंटा, पाण्याची टाकी भरल्याचा आवाज, मुलाच्या खोकल्यातला कालच्यापेक्षा आजचा फरक, हे सगळं त्या कानांकडे सोपवलेलं असतं. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' हे वाक्य कोणाला उद्देशून असतं ते सांगायला नको. माझे वडील पेपर वाचत असताना चौथी शिट्टी त्यांच्यापासून सहा फुटांवर होत असे. त्यांना ती ऐकू येत नसे, आणि ते खोटंही बोलत नसत. घरातल्या पुरुषांना ही विद्या कुठलंही यंत्र न लावता येते. मला त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागले. शिट्टी यंत्रालाही पूर्णपणे अडवता येत नाही, पण 'मी हेडफोन लावला होता' हे वाक्य आता माझ्याकडे आहे, आणि त्याची किंमत शांततेपेक्षा कमी नाही.

शिट्टी का अडत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. हेडफोनच्या बाहेर आणि आत बारीक मायक्रोफोन असतात. बाहेरून येणारी ध्वनीची लाट ते टिपतात आणि यंत्र तिच्या बरोबर उलटी लाट कानापाशी तयार करतं. उंचवट्यावर खळगा बसतो आणि दोन्ही मिटतात. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं. पण उलटी लाट वेळेवर पोचायला हवी. शंभर हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात पुरं होतं, यंत्राला तेवढी सवड पुरते. तीन हजार हर्ट्झला ती सवड तीसपट कमी होते. म्हणून साधारण हजार हर्ट्झच्या खालचे, एकसारखे चालणारे आवाज चांगले मिटतात; अचानक येणारे, टोकदार, बदलते आवाज निसटतात. वरच्या पट्टीतलं जे अडतं ते कानावरच्या जाड गाद्यांमुळे. पंखा जातो, माणूस राहतो. हा काही यंत्राचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय नव्हे. पण परिणाम असा, की जे सतत आहे ते नाहीसं होतं.

हे यंत्र लोकांच्या कानावर आणणाऱ्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. अमर बोस हे फिलाडेल्फियात जन्मलेले, बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारक वडिलांचे चिरंजीव. १९७८ साली झ्युरिचहून बॉस्टनला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर त्यांना संगीत ऐकायचं होतं, आणि इंजिनाच्या आवाजात ते बुडत होतं. उत्तराचं गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतलं. १९८९ साली वैमानिकांसाठीचा हेडसेट आला, सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हातात तो पडायला २००० साल उजाडलं. या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते मधलं टोक. वैमानिकाला तो हवा होता तो कान वाचावेत म्हणून, आणि खालून बोलणाऱ्याचे शब्द स्पष्ट कळावेत म्हणूनही. म्हणजे दुसऱ्याचं नीट ऐकू यावं यासाठी झालेली वस्तू आपण दुसरा ऐकू येऊ नये म्हणून घालतो. वस्तूंच्या आयुष्यात असं होतंच. त्यात फार नैतिक खळबळ करून घेण्यासारखं काही नाही.

आता दर्जाचं. हेडफोनच्या परीक्षणांची भाषा ही एक स्वतंत्र बोली आहे. तिथे ध्वनी उबदार असतो, चकचकीत असतो, गढूळ असतो, त्यात हवा खेळती असते. आपल्याकडेही आवाजाची पारख करणारे शब्द कमी नाहीत: भरीव, बसका, किनरा, घोगरा, चिरका, पल्लेदार, दाणेदार, कणसूर. पण ते सगळे माणसाच्या गळ्यासाठी किंवा वाद्यासाठी घडले आहेत. ज्याच्यातून आवाज येतो त्या डब्याची पारख आपण कधी केली नाही. आजोबांच्या रेडिओबद्दल 'लागतो' किंवा 'लागत नाही' एवढंच म्हटलं जाई.

मोजमाप करणारे लोक म्हणतात, चव बाजूला ठेवा, मूळ रेकॉर्डिंगशी इमान किती ते पाहा. हा शब्द ऐकला की भाषांतर करणाऱ्याचे कान टवकारतात. इमान कशाशी? फ्लॉइड टूल या ध्वनिशास्त्रज्ञाने यातला पेच नेमका धरला आहे. रेकॉर्डिंग ज्या स्टुडिओत झालं तिथल्या तंत्रज्ञाने ते त्याच्या स्पीकरवर ऐकून ठीकठाक केलं. तो स्पीकर चांगला की वाईट हे कोणीतरी आधीच्या रेकॉर्डिंगवरून ठरवलं होतं. फिरून फिरून तिथेच. शुद्ध, कोणाच्याही कानातून न गेलेलं मूळ हाती लागत नाही. मग शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात वेगळी वाट घेतली: कोणता हेडफोन आहे हे कळू न देता अनेकांना ऐकवायचं आणि बहुतेकांना काय आवडतं ते पाहायचं. त्यातून जी आदर्श वक्ररेषा निघाली तिच्यात खालच्या सुरांना थोडा उठाव आहे. ही रेषा आज अनेक कंपन्या प्रमाण मानतात. म्हणजे 'इमान' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुमताची आवड मुरलेली आहे. आणि किमतीचं म्हणाल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले होते. कोणत्या सुराला किती उठाव मिळतो याचा किमतीशी काही संबंध आढळला नाही.

मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. भाषांतराचंही असंच असतं. मूळ लेखकाच्या डोक्यात शिरून कोणी पडताळा घेतलेला नाही. तरी चांगलं भाषांतर आणि वाईट भाषांतर असतंच, आणि कळतंच. फक्त 'मुळाशी इमान' म्हणणाऱ्याने आपण कोणाच्या कानाला प्रमाण मानलं ते सांगावं.

माझा कान मिरजेचा आहे, ते सांगून टाकते. शाळेची वाट तंबोरे घडवणाऱ्यांच्या दुकानांवरून जायची. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेव्हा ती आमच्यासाठी फक्त दुपारी बंद नसणारी दुकानं होती. कारागीर घोडीवर तार बसवून, तिच्याखाली दोरा इंच-इंचाच्या कितव्या तरी हिश्श्याने सरकवत जवारी लावत बसे, आणि एका क्षणी ती कोरडी तार भरून यायची. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुठल्याही हेडफोनची माझी परीक्षा एवढीच: तंबोऱ्यात गंधार येतो का? चौकशी करायला गेलं तर विक्रेते मला मृदंगाचा घुमारा ऐकवतात. खालचे सूर उचललेले असले की तो घुमारा छातीत बसतो आणि त्याच्याखाली गंधार गाडला जातो. माझ्या हेडफोनमध्ये गंधार येतो, पण बिनतारी जोडणीत प्रसंगी तो अंधुक होतो. सीडीवरच्या ध्वनीत दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथच्या सर्वसाधारण पद्धतीत ती साधारण ३२८ वर आणली जाते. कोणत्या गोष्टी गाळल्या तर माणसाला कळणार नाही, हे आधीच ठरवून ते गाळलेलं असतं.

या हेडफोनवर मी सर्वांत जास्त ऐकते ते अब्दुल करीम खाँसाहेब. हौसेने नव्हे, जवळजवळ शेजारधर्माने. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, आणि मृत्यू झाला तो माझ्या सध्याच्या गावाच्या वेशीवर. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासचा कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटलं म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या छोट्या स्थानकावर उतरले. तिथे तंबोरा जुळवायला सांगून फलाटावरच त्यांनी दरबारीत अखेरची प्रार्थना म्हटली, असं सांगतात. चेंगलपट्टूच्या लोकलने मी त्या स्थानकावरून अनेकदा जाते. खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांत सुईची खरखर आहे, तंबोरा कुठे तरी मागे, आणि त्या दोन्हींच्या मधून वाट काढणारा तो पातळ, तेलासारखा सूर. लोकलची घरघर हेडफोन पुसून टाकतो; तबकडीची खरखर इमाने-इतबारे कानात घालतो. यंत्राच्या दृष्टीने बाहेरचं ते गोंगाट, आतलं ते संगीत. मला विचाराल तर सुईची खरखर आणि लोकलची घरघर यांत फार मोठा वर्णभेद नाही.

खाँसाहेबांचं आणखी एक. उत्तरेकडच्या गायकीचा हा माणूस म्हैसूर-मद्रासकडे येत राहिला, कर्नाटक संगीत त्याच्या कानावर पडत राहिलं, आणि ते त्याच्या सरगमीत उतरलं. त्यागराजांची एक कृतीही त्याने तबकडीवर गायली आहे. 'कानावर पडणं' हा आपला वाक्प्रचार मला फार नेमका वाटतो. ऐकणारा त्यात काही करत नाही. पाऊस पडतो तसं पडतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मामी गाणं शिकवतात. सकाळी सात ते नऊ. पेटीसारखा छोटा इलेक्ट्रॉनिक तंबोरा अखंड चालू, त्यावर मुलींचे गळे. एकदा मामी दहीभाताचा डबा परत द्यायला खाली आल्या, वर त्यांची शिष्या सराव करत होती. टेबलावरचा हेडफोन त्यांनी कुतूहलाने डोक्यावर घातला; मी बटण दाबलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. 'पोण्णु पाडरा,' त्या म्हणाल्या, 'श्रुति एङ्गे?' मुलगी गातेय, पण श्रुती कुठाय? मग हेडफोन काढून ठेवून, काही न बोलता वर निघून गेल्या.

मी नंतर स्वतः घालून पाहिलं. त्या बरोबर होत्या. छतातून झिरपणारा तंबोरा म्हणजे खालच्या पट्टीतला, न थांबणारा एकसारखा आवाज, यंत्राच्या लेखी पंख्याचा सख्खा भाऊ. तो बहुतांशी मिटला होता. गळा बदलता, वरचे स्वर घेणारा, म्हणून तो बारीक होऊन उरला होता. आणि आधाराशिवाय उरलेला तो गळा बेसूर वाटत होता, बेसूर नसताना. महासाथीच्या दिवसांत हेच दुसऱ्या रूपात झालं होतं. संगणकावरून गाणं शिकवणाऱ्यांच्या लक्षात आलं की समोरच्याला गळा पोचतोय पण तंबोरा पोचत नाही. बोलणं स्पष्ट यावं म्हणून सतत चालणारा आवाज सॉफ्टवेअर परस्पर गाळत होतं. जे सतत असतं ते फुकट, ते अडथळा, ही त्या यंत्रांची समजूत. आपल्या संगीताची समजूत नेमकी उलटी आहे: जे सतत असतं त्याच्यावर सगळं उभं आहे.

हा मुद्दा संगीतापुरता असता तर मी तो संगीतज्ञांवर सोडला असता. पण माझ्या बाबतीत भाषाही अशीच आली. चेन्नईत आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिली दोन वर्षं तमिळ म्हणजे सत्तम् होती, अक्षरशः. खिडकीखाली पालेभाजीवाली ओरडत जायची, एक लांबलचक, शेवटी वर चढणारी आरोळी. शेजारच्या घरातली मालिका, बसमध्ये कंडक्टरचं 'पोलाम् राइट', लिफ्टमध्ये दोन बायकांचं अखंड बोलणं. यातलं काहीही माझ्यासाठी नव्हतं. मी कान देत नव्हते, ते कानावर पडत होतं. मग एका सकाळी त्या आरोळीतून 'कीरै' सुटा झाला. पुढे काही आठवड्यांनी अरैकीरै, सिरुकीरै आणि मुळैकीरै या तीन वेगळ्या भाज्या असल्याचं कानानेच सांगितलं. मुळैमधला ळ तर घरचाच निघाला. व्याकरण मी नंतर पुस्तकातून शिकले, पण पुस्तक उघडलं तेव्हा निम्मं घर आधीच भरलेलं होतं. आज ज्या भाषेतून मी कथा मराठीत आणते ती अशी, नको असताना, पंख्याच्या घरघरीसोबत आत आली. त्या दोन वर्षांत माझ्याकडे हा हेडफोन असता तर? मी इतकी शांत राहिले असते की मला काहीच आलं नसतं.

'बहुश्रुत' हा शब्द आपण विद्वानाला लावतो, आणि त्यात वाचन कुठेच नाही. ज्याने पुष्कळ ऐकलं तो. तिरुक्कुरळचा बेचाळिसावा अध्याय 'केळ्वि' नावाचा आहे, ऐकण्याच्या थोरवीवर दहा कुरळ. आजच्या तमिळमध्ये केळ्वि म्हणजे प्रश्न. 'केळ्' या धातूचे दोन अर्थ आहेत: ऐक, आणि विचार. मराठीत 'ऐक'चाही दुसरा अर्थ आहे, पण तो 'आज्ञा पाळ' असा. पोरगं ऐकत नाही म्हणजे त्याचे कान बिघडलेले नसतात. तमिळचा दुसरा अर्थ मला जास्त आवडतो. याच कुरळचं मराठी भाषांतर साने गुरुजींनी केलं. स्वातंत्र्यचळवळीत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना दक्षिणेकडच्या कैद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले. तुरुंगात सोबती निवडता येत नाहीत, आणि बराकीत काय ऐकावं तेही निवडता येत नाही. त्यांच्या आंतरभारतीच्या स्वप्नामागे ती न निवडलेली संगत आहे, असं मी तरी समजते. तुरुंगाचं कौतुक करायचा हेतू नाही. निवडीवर आपण हल्ली जरा जास्त भरवसा ठेवतो, एवढंच म्हणायचं आहे. जे मला हवं तेच कानात यावं, असं म्हणताना, मला काय हवं हे मला आधीच माहीत आहे असं मी गृहीत धरते.

यावर उत्तर तयार आहे आणि ते हलकं नाही: लोकांनी काय माझ्या कानांवर हक्क सांगायचा? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आणि पुन्हा २००५ साली या बाजूने स्पष्ट निकाल दिले आहेत; बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचं स्वातंत्र्य नव्हे. यातलं पहिलं प्रकरण चेन्नईचंच. माधवरम हाय रोडजवळच्या एका वसाहतीने तिथल्या एका चर्चविरुद्ध तक्रार केली होती. ध्वनिक्षेपक, ढोल, गिटार लावून चालणाऱ्या प्रार्थनांबद्दल. चर्चची एक बाजू अशी होती, की मोजणी झाली तेव्हा आवाज मुख्यतः रस्त्यावरच्या वाहनांचा निघाला. न्यायालय चर्चच्या बाजूने गेलं नाही, आणि ध्वनिक्षेपकाबद्दल त्याने जे म्हटलं ते मला मान्य आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कोणी तरी पाळायला हवी. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला गाणं की भजन की अझान याच्याशी देणंघेणं नसतं. तरी त्या प्रकरणातली एक गोष्ट मनातून जात नाही. वाहनांविरुद्ध कोणी खटला भरत नाही. वाहनं आपली असतात.

आमच्या रस्त्यावरून कधीकधी प्रेतयात्रा जाते. फुलं उधळत, फटाके फोडत, आणि पुढे परै वाजवत. परै म्हणजे आपल्या हलगीची बहीण म्हणावी असं चामड्याचं वाद्य. ते वाजवणाऱ्यांच्या जातीच्या नावावरून इंग्रजीत 'पॅरिया' हा शब्द गेला, आणि जगभर बहिष्कृत या अर्थाने रुजला. ज्यांचा आवाज गावाबाहेर ठेवला त्यांच्या वाद्याचं नाव एका परक्या भाषेत शिवी होऊन बसलं. डिसेंबरात याच शहरातल्या सभागृहांमध्ये मार्गळीचा संगीतोत्सव चालतो, शेकडो मैफली होतात, शेवटाकडे एखादा अभंगही होतो आणि तमिळ तोंडातला 'विट्ठल' ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. त्या सभागृहांत परै शिरायला किती काळ लागला, आणि शिरली तेव्हा किती जणांना तो अपवाद वाटला! २०१५ साली टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी बेझंट नगरजवळच्या ऊरूर ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात उत्सव सुरू केला, तिथे कर्नाटक संगीत आणि परै एकाच मंचावर आले. त्याने काय बदललं यावर मतभेद आहेत. पण कोणाचा शब्द आणि कोणाचा सत्तम् हे डेसिबलवर ठरत नाही, एवढं तरी त्याने उघड्यावर मांडलं.

प्रेतयात्रा येते तेव्हा माझा हात बटणाकडे जातो. जातोच. दुपारची वेळ, हातात अडलेलं वाक्य. आणि यंत्र हरतं: परैचा ठोका कोरडा, तीव्र, अनियमित, उलटी लाट उभी राहायच्या आत तो कानात असतो. घुमारा जातो, ठोका उरतो. खूप दूरवर कोणी दारावर टकटक करावी तसा.

पूर्वी हे सोपं होतं. डोळ्यांना पापण्या होत्या, कानांना नव्हत्या. समोरचं दुःख पाहिलं नाही तर 'कानाडोळा केला' म्हणत. ऐकायला आलंच नाही तर दोष लागत नसे. ज्यांच्याकडे जाड भिंती होत्या, मागचं अंगण होतं, हाकेला धावणारे नोकर होते, त्यांना पापण्या होत्याच म्हणा. नोकराने पहिल्या हाकेला ऐकायचं आणि मालकाने तिसऱ्या विनवणीलाही ऐकायचं नाही, ही वाटणी जुनी आहे. माझ्या वडिलांची चौथी शिट्टी त्याच वाटणीतली. आता ती पापणी दुकानात मिळते, माझ्यासारखीलाही. मी ती परत करणार नाही. ज्या हक्काशिवाय माझ्या आईचं एकही पुस्तक सलग वाचून झालं नाही तो हक्क मी कोणाच्या उपदेशाखातर सोडणार नाही. पण पापणी मिळाल्यावर 'मला ऐकू आलं नाही' या वाक्याचा अर्थ बदलतो. आता ते मी केलेलं काहीतरी असतं, आणि त्याबद्दल मला विचारता येतं.

म्हणून हेडफोनच्या दर्जाबद्दल कोणी विचारलं की मी दोन उत्तरं देते. गंधार येतो, खालचे सूर थोडे फुगतात, चार तासांनी कानशिलं दुखतात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत मे महिन्यात घालण्यासारखा नाही. हे एक. दुसरं उत्तर तो काढल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांबद्दल आहे. पंखा परत येतो, मामींची श्रुती परत येते, खाली कोणीतरी कोणाला तरी ओरडत असतं आणि त्यातले शब्द मला कळतात. जो हेडफोन काढल्यावर हे सगळं परत आल्याचं बरं वाटतं, तो मी चांगला समजते. ज्याच्यानंतर जग कर्कश वाटतं, तो कितीही स्वच्छ वाजत असला तरी नको. परीक्षणात यासाठी गुण नसतात.

इथल्या दमट हवेत दीड वर्षात हेडफोनच्या गाद्यांची कातडी सोलून निघाली. काळे कपचे केसांत अडकायला लागले तेव्हा मी रिची स्ट्रीटला गेले, माउंट रोडच्या मागे जिथे तारांपासून सर्किटांपर्यंत सगळं मिळतं. गल्लीत हॉर्न, हातगाड्या, चार दुकानांची चार गाणी. विशीतल्या मुलाने नव्या गाद्या बसवल्या, त्याच्या फोनवर इळैयराजांचं एक गाणं लावलं, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला न विचारता बटण दाबलं. गल्ली गेली. सतारी, व्हायोलिनं, कुठेतरी बासरी. मुलगा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. ओठ हलताना दिसले. मी डाव्या कानावरची गादी उचलली.

'केक्कुदा, अक्का?' तो पुन्हा विचारत होता.